कोशिंबीर, संभारो की भरीत? सव्वादोन वर्षांच्या लेकीच्या ताटाजवळून

पानाची उजवी बाजू आमच्याकडे कधी अडत नाही. वरण-भात असतोच, भाजी सकाळीच ठरलेली असते, पोळ्या आई करते. अडतं ते डावीकडे. मिठालिंबाच्या शेजारी जे काही दोन चमचे वाढायचं ते रोज कशाचं करायचं, यावर आमच्या घरात लेक दीड वर्षाची झाल्यापासून बरीच भवति न भवति झाली आहे. त्याआधी ही बाजू बहुतेक दिवशी लोणच्यावर निभावायची. मग एका संध्याकाळी बाईसाहेबांनी स्वतःची मऊ खिचडीची वाटी दूर सारली आणि माझ्या ताटाकडे बोट दाखवून "मना" म्हणाल्या. उजवीकडची भाजी तिखट, लोणचं तर नकोच. तेव्हा घरातल्या सगळ्यांना खाता येईल अशी एक भाजी डावीकडे असावी असं ठरलं, आणि बायको बँकेतून उशिरा येते म्हणून ते खातं माझ्याकडे आलं.

गेले नऊ-दहा महिने मी मुख्यतः तीन गोष्टी आलटून पालटून करतोय: आपली कोशिंबीर, आमच्या बडोद्यातला संभारो (फोडणीत जेमतेम परतलेल्या भाज्या) आणि लाल भोपळ्याचं भरीत. ज्यांच्या घरी नुकतंच "मना" सुरू झालंय, त्यांना माझ्या चुकांचा थोडा उपयोग व्हावा म्हणून हे लिहितोय. मी सुगरण वगैरे नाही. तुमच्या घरचं मूल वेगळं, दात वेगळे, आजी वेगळी, त्यामुळे माझं सगळं तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

एक अट मात्र आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. आमची जेवणं तीन पाळ्यांत होतात. लेक सातला, आई आणि मी साडेआठला, बायको सव्वानऊच्या पुढे. शिवाय लेकीची स्वतःची पाळी झाली तरी ती प्रत्येकाच्या पानाशी येऊन घासभर चाखून जाते. म्हणजे जे करायचं ते सात वाजताही चांगलं लागलं पाहिजे आणि सव्वानऊलाही. तुमच्याकडे सगळे एका पंगतीला बसत असाल तर तुमचा निकाल कदाचित वेगळा लागेल.

सुरुवात अर्थातच कोशिंबिरीनं झाली. गॅस लावायला नको, दहा मिनिटांत तयार, आणि आईच्या मते कच्चं तेच पौष्टिक. काकडी चोचवली, दाण्याचं कूट, लिंबू, मीठ, वरून तुपाची हिंग-जिऱ्याची फोडणी. सात वाजता ती इतकी छान लागायची की मी दोनदा चाखायचो. साडेआठला वाडग्यात तळं. सव्वानऊला बायको चमच्यानं काकडी शोधायची. मीठ पडलं की काकडी पाणी सोडणारच, त्याला कोणाचा इलाज नाही. काकडी पिळून घेतली तर पाणी कमी सुटतं, पण मग ती चिवट लागते आणि तिचा सगळा रस मोरीत जातो. मीठ ऐनवेळी घालायचं हाही उपाय केला. त्याचा अर्थ असा झाला की सव्वानऊला दमून आलेल्या बाईनं आधी कोशिंबीर कालवायची आणि मग जेवायचं. दोन दिवसांनी तिनं लोणच्याची बरणी पुढे ओढली, ते मी बघितलं.

गाजराची कोशिंबीर पाण्याच्या बाबतीत बरी. थंडीत इथे लांब लाल देशी गाजरं येतात, तेव्हा तर किसाचा रंग बघूनच लेक हात घालते. पण किसणीच्या बारीक बाजूनं किसायला हवं. कच्च्या गाजराच्या फोडी किंवा चकत्या एवढ्या लहान मुलाला देऊ नयेत, घशात अडकायची भीती असते. दाण्याच्या कुटाचंही तेच. आख्खे दाणे पाच वर्षांच्या आत नकोच म्हणतात, आणि आमच्या घरचं कूट म्हणजे खलबत्त्यातलं, त्यात अर्धे-पाव दाणे शिल्लक असायचेच. आता मिक्सरमधून पीठ करून वेगळ्या डब्यात ठेवतो. आईला ते कूट आवडत नाही. "पेंड वाटते" म्हणते.

कच्च्याच्या पौष्टिकपणाबद्दल आईशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण गाजर-भोपळ्यातलं कॅरोटीन शिजवलेलं आणि जरा तुपातेलाबरोबर असलं की अंगी जास्त लागतं, एवढं इथे नमूद करून पुढे जातो.

मधे काही आठवडे काचऱ्यांचाही प्रयोग झाला. दुधीच्या, तोंडल्याच्या, भेंडीच्या. चवीला तिन्ही उत्तम, आणि भेंडीचं चाक बोटात घालून फिरणारी मुलगी बघायला मिळते ते वेगळंच. पण तोंडल्याच्या काचऱ्यांना वीस-पंचवीस मिनिटं कढईपाशी उभं राहावं लागतं. त्या वेळात तुमच्या एका पायाला अकरा किलोचं वजन लोंबकळत असतं आणि ते वजन "कले, कले" म्हणत उचलून घ्यायला लावतं. एका हातात मूल आणि एका हातात उलथनं, समोर तडतडणारं तेल, हे मला झेपलं नाही. काचऱ्या रविवारी, दुसरं कोणी घरात असताना.

आता संभारो. खरं सांगायचं तर मला स्वतःला या तिघांत हाच सगळ्यात आवडतो, त्यामुळे याच्याविषयी लिहिताना माझा हात जरा सैल सुटेल.

बडोद्यात वाढलेल्याला संभारो सांगावा लागत नाही. पुण्या-नाशिककडच्यांसाठी: कोबी अगदी बारीक, लांब चिरलेला, सोबत गाजराच्या काड्या, कधी ढोबळी मिरची, कधी कच्ची पपई. तेलात मोहरी, हिंग, हळद, बिनतिखट अशा मोठ्या भावनगरी मिरच्यांच्या उभ्या फाका, मग भाज्या घालून मोठ्या आचेवर जेमतेम दोन-तीन मिनिटं. मीठ, गॅस बंद, वर लिंबू. रविवारी सकाळी फाफड्याबरोबर जो पपईचा पिवळा कीस मिळतो, तोही संभारोच. भाजी म्हणावी तर शिजलेली नाही, कोशिंबीर म्हणावी तर कच्ची नाही. आमच्या आईनं लग्नानंतर इथे आल्यावर तो शेजारणीकडून उचलला आणि आता ती त्याला "आपला संभारा" म्हणते. बडोद्याच्या मराठी घरांत असं खूप काही आपलं झालेलं आहे.

दोन वर्षांच्या मुलासाठी संभारोच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. पाच-सात मिनिटांचं काम. काड्या हातानं उचलता येतात, म्हणजे चमच्याची लढाई नाही. रंग आहे. थंड झाला तरी लागतो, पाणी फारसं सोडत नाही, म्हणजे आमच्या तिन्ही पाळ्यांना पुरतो. मिरची नंतर घालायची सोय आहे: आधी भाज्या परतून लेकीच्या वाटणीचा बाजूला काढायचा, मग कढईत मिरचीच्या फाका टाकून अर्धा मिनिट पुन्हा परतायचं. एकच कढई, दोन चवी. खंडेराव मार्केटच्या मागे भाजी घ्यायला गेलं की कोबी-गाजरावर मूठभर कोथिंबीर-मिरची तशीच पिशवीत पडते, हेही एक. (१९०६ साली सयाजीराव महाराजांनी बांधवलेल्या त्या देखण्या इमारतीत महापालिकेची कचेरी आहे, आमचा संबंध तिच्या पाठीमागच्या गर्दीशी.)

एवढं सगळं असून मी संभारो मागे टाकला तो एका गोष्टीमुळे. ती गोष्ट सांगितली तर तुम्हाला हसू येईल, पण लहान मूल घरात असलं की निर्णय असल्याच गोष्टींवर होतात.

मागच्या भाद्रपदातली रात्र. लेक साडेनऊला माझ्या खांद्यावर झोपली. तिला गादीवर ठेवताना आईला तिचा उजवा गाल जरा फुगलेला वाटला. दात येताहेत म्हणून सूज असेल, असं मी म्हटलं. आईनं काही न बोलता करंगळीनं तिचा ओठ बाजूला केला, बोट आत घातलं आणि एक गोळा बाहेर काढला. कोबीचे लांब धागे, चावून चावून रस गेलेले, हळदीनं पिवळट, पानाचा विडा दाढेखाली धरावा तसे गालात नीट बसवलेले. सात वाजता वाढलेला संभारो अडीच तास तिथे होता. मधे ती दूध प्यायली होती, गोष्ट ऐकली होती, एकदा पडून रडलीसुद्धा होती.

मला घाम फुटला. झोपेत घशाकडे सरकला असता तर?

त्या रात्री नीट विचार केल्यावर कारण लक्षात आलं. कोबीचा धागा तोडायला पुढचे दात पुरतात, पण दळायला दाढा लागतात. मुलांच्या पहिल्या दाढा साधारण १३ ते १९ महिन्यांत येतात आणि त्यांच्या मागच्या दुसऱ्या दाढा २३ ते ३३ महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे आमची लेक अर्ध्या जात्यावर दळत होती. रस गिळायची, चोथा उरायचा, तो थुंकायचा हे कळत नाही, गिळवत नाही, मग गालात. शेवग्याच्या शेंगेचा चोथा आपण ताटाच्या कडेला ठेवतो, तिनं तो गालाच्या कडेला ठेवला एवढंच.

मी लगेच हार मानली नाही. आधी कोबी आडवा, अगदी बारीक चिरला. गोळा लहान झाला पण झाला. मग जास्त शिजवला. गोळा नाहीसा झाला, पण संभारोही नाहीसा झाला, उरली ती कोबीची साधी भाजी, आणि तीही पाणचट. कोबी काढून नुसता गाजराचा आणि पपईचा कीस परतला. हे मात्र बऱ्यापैकी जमलं, फक्त पपई रोज मिळत नाही आणि किसताना हात खाजतात. तोवर घरात एक नवीन प्रथा पडली होती: झोपण्यापूर्वी गालाची झडती. "आ कर बघू." पहिले चार दिवस लेकीला तो खेळ वाटला. पाचव्या दिवसापासून तिनं ओठ घट्ट मिटून घ्यायला सुरुवात केली, आणि नुसत्या झडतीच्या वेळीच नाही, जेवतानाही. घास समोर आला की आधी संशयानं माझ्या बोटाकडे बघायची. मोजमाप म्हणाल तर माझ्याजवळ एवढंच आहे: संभारोच्या दिवशी जेवण चाळीस मिनिटं, एरवी वीस.

म्हणून भरीत.

भरीत म्हटलं की आपल्याकडे वांगं, आणि इथे थंडीत वांग्याचाच ओळो. पण निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, कच्चा कांदा, हिरवा लसूण हे तिघं मिळून दोन वर्षांच्या जिभेला जरा जड जातात. मी बोलतोय ते लाल भोपळ्याच्या भरिताबद्दल. आमच्या इथे त्याला कोळू म्हणतात. लहानपणी मला तो बिलकूल आवडत नसे. पानात दिसला की मी तो वरणात बुडवून संपवायचो. तेव्हा हे मी काही आवडीपोटी सांगत नाहीये.

पहिला मुद्दा श्रमाचा. पाव किलो भोपळा चार माणसांच्या डाव्या बाजूला पुरतो. सालासकट मोठ्या फोडी करायच्या, त्यात अजिबात पाणी घालायचं नाही आणि कुकरमध्ये वरण-भाताच्या डब्यांवर तिसरा डबा म्हणून ठेवायच्या. डाळीला ज्या शिट्ट्या लागतात तेवढ्यात भोपळा जरुरीपेक्षा जास्तच मऊ होतो, आणि या एका पदार्थात ते चालतं. सालामुळे फोड मोडून पाण्यात विरघळत नाही. गार झाल्यावर चमच्यानं गर खरवडून घेतला की साल हातात राहते. म्हणजे या भाजीपायी गॅसपाशी उभं राहायचं ते नुसतं फोडणीपुरतं. पायाला लोंबकळणाऱ्या वजनासाठी दोन्ही हात मोकळे.

दुसरा मुद्दा क्रमाचा, आणि इथेच मला भरीत पटलं. गर मोडून त्यात मीठ, चमचाभर बारीक कूट, कोथिंबीर. लहान कढल्यात दोन चमचे तूप, जिरं, चिमूटभर हिंग. अर्धी फोडणी सगळ्या गरावर ओतायची. लेकीची वाटी भरून बाजूला ठेवायची. मग कढल्यात उरलेल्या तुपात हिरव्या मिरचीचे तुकडे आणि कढीपत्ता तडतडू द्यायचा आणि ती दुसरी फोडणी मोठ्यांच्या वाडग्यावर. भोपळ्याचा गोडवा आणि मिरची यांचं चांगलं जमतं, मोठ्यांना "बाळाचं जेवण" खाल्ल्यासारखं वाटत नाही. दही ज्यानं त्यानं आपल्या पाळीला कालवायचं. गर एकटा दोन तास झाकून ठेवला तरी जसाच्या तसा राहतो. सव्वानऊला बायकोनं दोन चमचे दही घालून फिरवलं की झालं. यात ना तळं ना चोथा.

मोहरी मी मुद्दाम वगळलीये. पहिल्या खेपेला घातली होती, तर लेकीनं भरितातला एकेक दाणा बोटाच्या टोकावर चिकटवून काढला आणि ताटाच्या कडेवर ओळीनं लावला. सतरा दाणे. भरीत तोवर गार. जिरं तिला दिसत नाही की दिसूनही चालतं, कोण जाणे.

गोड लागणारी भाजी म्हणून तिनं पहिल्याच दिवशी झडप घातली असेल असं वाटत असेल तर तसं नाही. पहिल्या दिवशी थुंकली. दुसऱ्या दिवशी वाटी उलटी केली. आमच्या शेजारच्या काकू एम. एस. युनिव्हर्सिटीच्या होमसायन्समध्ये शिकलेल्या. त्या म्हणाल्या, नवी भाजी मुलाच्या पानात आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही यावी लागते, आणि वाढायची ती चमचाभरच, आग्रह न करता. मी आठवड्यातून दोनदा असं धोरण ठेवलं. सातव्या खेपेला तिनं माझ्या वाडग्यातलं खाल्लं, स्वतःच्या वाटीतलं नाही. आठव्या खेपेला वाटीतलं. काकूंचा हिशेब आमच्यापुरता तरी बरोबर निघाला.

भरिताची अडचण वेगळीकडून आली. रात्री दही! आमची आई बाकी सगळ्यात पुढारलेली, मोबाइलवर भाजीचे पैसे भरते, पण सूर्यास्तानंतर पोराच्या पोटात दही जाताना बघवत नाही तिला. "कफ होईल" हे वाक्य इतक्या वेळा आलं की लेक खेळता खेळता बाहुलीला "कप होईल" म्हणू लागली. मी डॉक्टर नाही, वाद घातला नाही. दोन-चार दिवसांच्या वाटाघाटींनंतर असा तोडगा निघाला: दिवाळी ते होळी लेकीच्या वाटीत दही नाही, त्याऐवजी चमचाभर ओलं खोबरं आणि लिंबाचे दोन थेंब. उन्हाळा-पावसाळ्यात ताजं, गोड दही, तेही वर फोडणी दिलेलं, कारण फोडणी दिली की दही बाधत नाही असं आईच्या आईचं मत होतं. खोबऱ्याचा प्रकार मला दह्याहून कांकणभर सरसच वाटतो. हे आईला सांगितलेलं नाही.

साखरेवरून मात्र मी अडून बसलो. इथे वरणात गूळ, भाजीत साखर, कोशिंबिरीत तर चिमूट हवीच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली ६ ते २३ महिन्यांच्या बाळांच्या पूरक आहाराबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात जास्त साखर आणि जास्त मीठ असलेले पदार्थ टाळा असंच सांगितलंय. लेक आता त्या वयाच्या पुढे गेली असली तरी जिभेला लागलेली सवय कॅलेंडर बघत नाही. भोपळ्याला वरून साखरेची गरज पडत नाही, हाही भरिताच्या पारड्यात टाका. कोशिंबिरीत साखर नसली की आईला ती "उघडी" लागते.

याच रीतीनं दुसऱ्या भाज्यांची भरितं होतात, फक्त दोन ठिकाणी जपून. एक, बीट. रंग अप्रतिम, लेक खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पॉटीतला लाल रंग बघून आईनं मला ऑफिसात फोन केला, आवाज कापत होता. बिटानं असं होतं, घाबरायचं कारण नसतं, पण घरातल्या ज्येष्ठांना आदल्या रात्रीच कल्पना देऊन ठेवा. दुसरं, रताळं. बायकोचं माहेर नाशिकचं. लग्नानंतर पहिल्या एकादशीला तिनं लारीवाल्याकडे रताळी मागितली आणि त्यानं शांतपणे जांभळ्या कोनफळाचे, उंधियूत घालायचे मोठे कंद तोलून दिले. इथे रतालू म्हणजे तो जांभळा कंद. आपल्या रताळ्याला शक्करिया म्हणायचं. शक्करियाचं भरीतही लेकीला आवडतं, पण ते घट्ट होतं, घशात बसतं, दही किंवा ताक सढळ लागतं. दुधीचं भरीत पाणी सोडतं, म्हणजे पुन्हा पहिल्या पानावर.

तुम्हाला निवड करायची असेल तर माझ्या मते बघायचं ते असं. सगळे एकाच वेळी जेवायला बसणार असतील आणि मूल दोनच्या पुढचं असेल, तर बारीक किसलेल्या गाजराची कोशिंबीर उत्तम. दहा मिनिटांच्या वर जगवायची नसेल तर काकडीचीही चालेल. मुलाच्या मागच्या दाढा आल्या असतील, घास चावून गिळतंय अशी खात्री असेल, तर संभारो करा आणि माझ्या वाटचाही खा. दाढा अर्ध्यावर असतील, जेवणं तीन पाळ्यांत असतील आणि कुकर लावायचाच असेल, तर मी भोपळा घेईन. घरात आजी असेल तर आधी दह्याचं बोलून घ्या.

संभारो आमच्याकडून गेलेला नाही. मोठ्यांसाठी शनिवारी होतो, लेक गाजराच्या दोन काड्या पळवते, आणि मी तेवढ्या रात्री दिवा मालवण्यापूर्वी हळूच तिचा गाल बघतो. काकू म्हणतात, वीसही दुधाचे दात साधारण तीन वर्षांपर्यंत येऊन जातात. म्हणजे अजून आठ-नऊ महिने.

तोवर भोपळा. आख्खा कधी आणू नका, फोड आणा. आख्खा आणला की आठवडाभर तेच चालतं आणि घरात नाराजी पसरते. आम्ही एकदाच आणला. आईनं तो ओट्यावर ठेवून मधोमध कापला, तर लेक स्टुलावर चढून दोन्ही अर्ध्यांत वाकून वाकून बघत होती. बियांचा गुंता बोटानं बाजूला केला, आत पुन्हा बघितलं, आणि आजीकडे वळून म्हणाली, "म्हाताली कुठे गेली?"